मुंबईत फ्लॅट विकायचाय? आधी फाइल, मग रंग, मग भाव

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो की बी विंगमधला वन बीएचके दीड कोटीला गेला, आणि त्या दिवसापासून बिल्डिंगमधल्या प्रत्येक वन बीएचकेचा भाव दीड कोटी होतो. त्यात पार्किंग होतं का, फर्निचर धरलं होतं का, दीड कोटी मागितले होते की मिळाले, हे कोणी विचारत नाही. मी काही वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो, ट्रान्सफरचे अर्ज माझ्याच हातून जायचे, त्यामुळे ग्रुपवरचा आकडा आणि अ‍ॅग्रीमेंटमधला आकडा यांची फारशी ओळख नसते हे मला चांगलंच माहितीये. पहिल्यांदाच घर विकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, कारण बहुतेक लोक उलट्या बाजूने सुरू करतात, म्हणजे आधी भाव ठरवतात, मग रंग काढतात आणि गिऱ्हाईक आलं की कागद शोधायला बसतात.

पहिलं काम: फाइल

कपाटातली ती जुनी प्लॅस्टिकची फाइल काढा आणि एका रविवारी शांतपणे सगळं टेबलावर मांडा. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतची सगळी अ‍ॅग्रीमेंट्स लागतात. तुम्ही तिसरे मालक असाल तर तिन्ही, प्रत्येकाची स्टॅम्प ड्युटी भरल्याची आणि रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या सौद्याचा सरकारी नोंदीचा उतारा). मधली एक कडी गायब असली की घेणाऱ्याच्या बँकेचा वकील तिथेच थांबतो. रजिस्टर झालेल्या कागदाची सर्टिफाइड कॉपी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून मिळते पण वेळ लागतो, म्हणून हे गिऱ्हाईक यायच्या आधी करायचं.

मग शेअर सर्टिफिकेट, म्हणजे तुम्ही सोसायटीचे मेंबर असल्याचा सोसायटीने दिलेला दाखला. त्यावर तुमचंच नाव चढलंय ना ते मागच्या बाजूला बघा, वडिलांचं नाव अजून तसंच असणं ही घरोघरची गोष्ट आहे. वडील गेले, आई नॉमिनी होती, सोसायटीने आईच्या नावावर सर्टिफिकेट केलं, म्हणून आई एकटी विकू शकते असं धरून चालू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकीच्या वारसांचा हिस्सा राहतोच. मृत्युपत्र नसेल तर भावंडांकडून रजिस्टर केलेलं हक्कसोड पत्र घ्यावं लागतं, आणि पुण्यात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या बहिणीला तारखा जुळवून आणणं हे टाइल्स बदलण्यापेक्षा कितीतरी वेळखाऊ काम आहे.

बाकीचे कागद पटापट सांगतो: बिल्डिंगची ओसी (राहायला परवानगी दिल्याचा महापालिकेचा दाखला), मंजूर प्लॅनची कॉपी, मेंटेनन्सची शेवटची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, लाइट बिल. लोन चालू असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे जमा असलेल्या कागदांची यादी घ्या. लोन चालू असलेलं घर विकता येतं, घेणाऱ्याची बँक तुमच्या बँकेला थेट पैसे भरते, फक्त हे लपवायचं नाही.

सोसायटीची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, यावर फार गैरसमज आहेत. सोसायट्यांच्या नियमावलीप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, फ्लॅट ट्रान्सफर करायला सोसायटीची एनओसी लागत नाही, विकायच्या इराद्याची पंधरा दिवसांची नोटीस द्यायची असते. पण घेणाऱ्याची बँक एनओसी मागते म्हणून सगळेच घेतात. ट्रान्सफर फी ५०० रुपये, आणि प्रीमियम म्हणजे बोलीभाषेतली ‘ट्रान्सफरची रक्कम’ महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. कमिटी लाखात आकडा सांगत असेल, त्याला डोनेशन, डेव्हलपमेंट फंड असलं काही नाव देत असेल, तर लेखी मागा. बऱ्याचदा तेवढ्यावरच विषय संपतो.

तुमचं घर म्हाडाच्या लॉटरीतलं असेल, एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनातलं) असेल, पागडीचं (जुन्या भाडेपद्धतीचं) असेल किंवा सोसायटी कलेक्टरच्या जमिनीवर असेल तर नियम वेगळे लागतात, विकायची मुदत, परवानगी, प्रीमियम वगैरे. अशा केसमध्ये पहिली भेट ब्रोकरची नको, त्या प्रकारची कामं केलेल्या वकिलाची घ्या.

घर नकाशासारखं आहे का ते बघा

यावर थोडं थांबतो कारण इथे सौदे अडकतात. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली, फ्लॉवर बेड आत ओढलेला, किचन बेडरूममध्ये नेऊन किचनची बेडरूम केलेली, हे मुंबईत इतकं चालतं की त्यात काही गैर आहे हेच आपण विसरतो. पण घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर मंजूर प्लॅन हातात घेऊन येतो. तो त्या वाढीव जागेचे पैसे धरत नाही, आणि बदल मोठा असेल, विशेषतः बीम-कॉलमला हात लावलेला असेल, तर रिपोर्टच निगेटिव्ह देतो. जोडी फ्लॅट असेल तर अजून बघा: अ‍ॅग्रीमेंट दोन, शेअर सर्टिफिकेट दोन, मधली भिंत कोणाच्या परवानगीने काढली? सहज पूर्ववत करता येण्यासारखं असेल ते करून टाका, नसेल तर पहिल्याच भेटीत सांगा. टोकन घेतल्यानंतर कळलं की समोरचा भाव पाडतो आणि त्याचं चुकत पण नाही.

दुरुस्ती: कुठे खर्च करायचा, कुठे हात आखडायचा

मुंबईत घर बघायला आलेला माणूस पहिल्यांदा छताकडे बघतो. हॉलकडे नाही, व्ह्यूकडे नाही, छताच्या कोपऱ्याकडे आणि बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीकडे. ओल दिसली की त्याच्या डोक्यात खर्चाचा आकडा सुरू होतो आणि तो खऱ्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून गळतीचा बंदोबस्त आधी. नुसता वरून रंग मारू नका, पोपडा धरलेल्या भिंतीवर नवा रंग महिनाभरात बोलतो, आणि नेमका पॅचच रंगवला असेल तर लांबूनच कळतं.

वरच्या घरातल्या संडास-बाथरूममधून पाणी येत असेल तर तो खर्च वरच्या मेंबरचा, गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर सोसायटीचा. दोघांनाही लेखी अर्ज द्या. आणि पावसाळ्याआधी द्या, जुलैमध्ये वॉटरप्रूफिंग कोणी करत नाही.

त्यानंतर छोटी कामं, ज्यांना पैसे कमी लागतात आणि फरक जास्त पडतो: गळके नळ, अर्धवट लागणारे दरवाजे, पिवळे पडलेले स्विच बोर्ड, फुटकी टाइल, बाथरूमच्या टाइल्समधलं काळं पडलेलं ग्राउट, खिडकीच्या स्लाइडिंगची अडकणारी चाकं. पेस्ट कंट्रोल करा, किचनच्या ट्रॉलीतून झुरळ निघालं तर तुमच्या फ्लॅटची आठवण त्या कुटुंबात झुरळाचं घर म्हणूनच राहते. रंग पांढरा किंवा ऑफ-व्हाइट. हॉलची एक भिंत जांभळी असेल तर ती पण.

काय करू नका: नवीन मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, इटालियन मार्बल. घेणाऱ्याच्या घरातल्यांना आपल्या पद्धतीचंच किचन हवं असतं आणि तुमचे चार-पाच लाख तो आल्या-आल्या फोडून काढतो. यावर माझे आणि आमच्या एका इंटिरियरवाल्या मित्राचे कायम वाद होतात, पण सेकंडहँड फ्लॅटमध्ये ते पैसे वसूल झालेले मी बघितलेले नाहीत.

मग सामान. आपल्याकडे माळा म्हणजे भंगारात न टाकता आलेल्या वस्तूंचं वसतिगृह. माळा रिकामा करा, पलंगाखालचे डबे काढा, कपाटावरच्या बॅगा उतरवा, दाराबाहेरचं चपलांचं स्टँड आणि पॅसेजमधली सायकल हलवा. साडेचारशे फुटांच्या घरात जमीन जितकी दिसेल तितकं घर मोठं वाटतं. फोटो सकाळी उजेडात, सगळ्या खिडक्या उघडून आणि दिवे लावून काढा, वाळत घातलेले कपडे काढून. देवघर झाकायची गरज नाही, पण घरातल्यांचे फोटो, दारावरची नावाची पाटी, कागदपत्रं हे फोटोत येऊ देऊ नका.

घर दाखवायच्या वेळा स्वतः ठरवा. तुमच्याकडे पाणी किती ते किती येतं, ऊन कधी येतं, शेजारच्या शाळेची किंवा हॉलची गडबड कधी असते हे तुम्हाला माहीत असतं. खोटं बोलायचं नाही, पण संध्याकाळी सहाला ट्रॅफिकच्या भोंग्यात पहिली भेट कशाला ठेवायची? आणि वरणाला फोडणी दिली तरी चालेल, सुकट नको. माझं स्वतःचं मत विचाराल तर सुकटच हवी, पण ते घर विकून झाल्यावर.

आता भाव

पहिली गोष्ट, तुमचा कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, नक्की किती ते शोधा. जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बिल्ट-अप (भिंतींसकट) लिहिलेला असतो, ब्रोकर सुपर बिल्ट-अप (जिना-लिफ्टचा वाटाही धरून) बोलतो, घेणारा कार्पेट विचारतो आणि तिघेही ‘साडेसहाशे फूट’ म्हणतात तेव्हा तिघांचं घर वेगळं असतं. टेप घेऊन मोजा. रेरा कायद्यातल्या कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट धरत नाहीत. आणि भाव नेहमी कार्पेटवरच बोला.

दुसरी गोष्ट, खरे सौदे बघा. मॅजिकब्रिक्स किंवा नाइंटीनाइन एकर्सवर जे दिसतात ते मागितलेले आकडे आहेत, मिळालेले नव्हेत. मिळालेला आकडा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर, म्हणजे आयजीआरच्या ई-सर्चमध्ये इंडेक्स टूवर सापडतो. वर्ष, गाव आणि सीटीएस नंबर (जमिनीचा सिटी सर्व्हे नंबर) टाकायचा. गावाचं नाव म्हणजे स्टेशनचं नाव नव्हे हं, गोरेगावला पहाडी गोरेगाव, कांदिवली पूर्वेला आकुर्ली, बोरिवलीला एक्सर असं महसुली नाव लागतं, आणि ते सीटीएस नंबरसकट तुमच्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये असतं. साइट कधी चालते कधी नाही, रात्री उशिरा ट्राय करा.

समजा तुमच्या बिल्डिंगमध्ये आणि शेजारी गेल्या वर्षभरात तीन सौदे सापडले. एक ४१.८ चौरस मीटर कार्पेट, १ कोटी १७ लाख. मीटरला १०.७६४ ने गुणलं की ४५० फूट झाले, म्हणजे फुटाला २६ हजार. दुसरा ५४ मीटर बिल्ट-अप, १ कोटी २१ लाख. बिल्ट-अपचे ५८१ फूट, जुन्या हिशोबाने १.२ ने भागले की साधारण ४८४ कार्पेट, म्हणजे २५ हजार. तिसरा ४५० फुटांचा, पण ९२ लाखांना. हा वीस हजारांचा भाव बघून घाबरू नका, असा सौदा नात्यातला असू शकतो, आधी ठरलेला उशिरा रजिस्टर झालेला असू शकतो, अर्ध्या हिश्श्याचा पण असू शकतो. तो बाजूला ठेवा. तुमचा फ्लॅट ४८० फुटांचा असेल तर १ कोटी २० ते १ कोटी २५ लाख ही तुमची खरी जागा. ग्रुपवरचे दीड कोटी कुठल्या कुठे.

आता त्यात अधिक-उणे. लिफ्टच्या टॉवरमध्ये वरचा मजला महाग, विनालिफ्टच्या चार मजली बिल्डिंगमध्ये उलटं, आणि गच्चीखालचा गळका चौथा मजला सगळ्यात स्वस्त. स्टेशन किंवा मेट्रोपासून चालत अंतर, तेही ब्रोकरचं नव्हे तर आजीचं चालत. दहिसर-अंधेरीच्या टू-ए आणि सात नंबरच्या मेट्रो लाइन सुरू झाल्यापासून लिंक रोड आणि हायवेकडच्या बिल्डिंगांना जो प्रश्न पूर्वी विचारला जायचा, ‘रिक्षा मिळते का?’, तो बदललाय. पार्किंगचं सांगायचं तर, २०१० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे बिल्डरला स्टिल्ट (बिल्डिंगखालचं खांबांमधलं) किंवा ओपन पार्किंग वेगळं विकता येत नाही, ते सोसायटीचं असतं आणि सोसायटीच वाटप करते, त्यामुळे ‘पार्किंगचे दहा लाख वेगळे’ बोलण्याआधी तुमच्याकडे वाटपाचं पत्र आहे का ते बघा. आणि एक मुंबईचं खास: ५०० फूट कार्पेटपर्यंतच्या राहत्या घरांना महापालिकेचा प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे, तुमचं घर ४८० चं असेल तर हे जाहिरातीत लिहा.

रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असेल तर भाव चढतो, पण कितपत? नुसती जनरल बॉडीत चर्चा, बिल्डर ठरलेला, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालेलं, या तिन्हींचे भाव वेगळे. चर्चेचे पैसे मागू नका, देणारा समंजस असला तर देत नाही.

तिसरी गोष्ट रेडी रेकनर, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला जागेचा दर. दरवर्षी १ एप्रिलच्या सुमाराला ठरतो, त्याच वेबसाइटवर दिसतो. तो बाजारभाव नाही, पण त्याखाली विकलंत तर त्रास आहे: रेकनरची किंमत तुमच्या विक्रीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर खातं रेकनरचीच किंमत धरून तुमचा नफा मोजतं, आणि घेणाऱ्यालाही फरकावर टॅक्स लागू शकतो.

चौथी, आणि ही जवळजवळ कोणी करत नाही, घेणाऱ्याच्या खिशाचा हिशोब स्वतः करून बघा. १ कोटी २० लाखांच्या घरावर बँक साधारण ७५ टक्के देते, म्हणजे ९० लाख. उरलेले ३० लाख त्याच्याकडचे. वर मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार (फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ५ टक्के), रजिस्ट्रेशनचे ३० हजार, ब्रोकरचा एक टक्का. म्हणजे त्याला जवळपास ३९ लाख हातात हवेत. तुम्ही पाच लाख जास्त मागता तेव्हा तो हा हिशोब करत असतो, आणि बँक तुमच्या मागणीवर लोन देत नाही, अ‍ॅग्रीमेंटची किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत यातली जी कमी तिच्यावर देते.

मागायचा आकडा खऱ्या जागेपेक्षा तीन ते पाच टक्के वर ठेवा, आपल्याकडे घासाघीस केल्याशिवाय कोणाला घेतल्यासारखं वाटत नाही. पण वीस टक्के वर ठेवलात तर फोनच येत नाहीत, मग सहा महिन्यांनी भाव उतरवता तेव्हा ब्रोकर म्हणतात ‘तो पडून राहिलेला फ्लॅट’. आणि लोक पोर्टलवर १.२५ कोटीपर्यंत असं फिल्टर लावून शोधतात, १.२७ लिहिलंत की तुम्ही त्या यादीतूनच गायब. घरात बसून एक खालचा आकडा ठरवा, ज्याच्या खाली जायचं नाही, आणि तो ब्रोकरला सांगू नका.

हातात किती येणार

विक्रीची किंमत म्हणजे तुमचे पैसे नव्हेत. लोनची बाकी, ब्रोकरेज (एक ते दोन टक्के, दोन्ही बाजूंनी, टक्केवारी आधी लिहून घ्या), सोसायटीचे पैसे कोण देणार ते. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस (तुमच्या नावाचा आगाऊ आयकर) कापून भरतो. तुम्ही एनआरआय असाल तर टीडीएस बराच जास्त कापला जातो, आधीच सीएला गाठा.

विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्सचं उदाहरण. २००६-०७ मध्ये २२ लाखांना घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये १ कोटी २२ लाखांना विकलं. सरळ नफा एक कोटी, त्याचे १२.५ टक्के म्हणजे साडेबारा लाख. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्या माणसाला जुना मार्गही निवडता येतो: महागाईचा सरकारी इंडेक्स १२२ वरून ३७६, म्हणजे २२ लाखांचे ६७ लाख ८० हजार धरायचे, नफा ५४ लाख २० हजार, त्याचे २० टक्के १० लाख ८४ हजार. इथे जुना मार्ग स्वस्त पडला, तुमच्या केसमध्ये उलट होऊ शकतं, दोन्ही मांडून बघा. २००१ च्या आधीचं घर असेल तर खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत सरकारमान्य व्हॅल्युअरकडून काढून घेता येते, गिरगाव-दादरच्या जुन्या घरांना याचा खूप फायदा होतो. नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला, म्हणजे विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घेतलं, तर सूट आहे. टॅक्स वाचवणाऱ्या ठराविक सरकारी बाँडमध्येही सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत घालता येतात.

आणि कोणी ‘थोडे कॅशमध्ये घ्या’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि शिवाय कागदावरची किंमत कमी झाली म्हणून घेणाऱ्याचं लोनही कमी होतं.

वेळ आणि शेवटची धावपळ

पितृपक्षात टोकन द्यायला फारसं कोणी येत नाही, दसरा-दिवाळी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या दिवसांच्या आसपास हालचाल असते, आणि मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये शिफ्ट व्हायचं म्हणून लोक जानेवारीपासून घरं बघतात. भाडेकरू असेल तर तो गेल्यावरच दाखवायला सुरुवात करा.

टोकन चेकने किंवा ऑनलाइनच घ्या आणि एका कागदावर लिहा: किंमत, किती दिवसांत अ‍ॅग्रीमेंट, लोन नाही झालं तर टोकनचं काय, पंखे-एसी-गीझर किमतीत आहेत का. गीझरवरून मोडायला आलेले सौदे मी बघितलेत, खरंच. रजिस्ट्रेशन झालं म्हणजे चावी द्यायची असं नाही, बँकेचा शेवटचा चेक खात्यात जमा झाल्यावरच चावी. त्याच दिवशी लाइटच्या मीटरचं रीडिंग फोटो काढून ठेवा (शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण), गॅसचं बिल चुकतं करा, सोसायटीत ट्रान्सफरचा फॉर्म दोघांच्या सह्यांनी जमा करून पोचपावती घ्या, आणि टीडीएसचं सर्टिफिकेट घेणाऱ्याकडून मागून घ्या, तो स्वतःहून देत नाही.